डोंगराआड उतरणारी लहर

पोलादपूर तालुक्यातल्या कापड्यासारख्या गावात मोबाइल वाजतो, तेव्हा कुठल्या तरी लहरीने सह्याद्रीची एखादी सोंड ओलांडलेली असू शकते. डोंगराच्या आरपार ती जात नाही, काळ्या पाषाणापुढे तिचं काही चालत नाही. ती माथ्यापर्यंत येते, कडेला लागते आणि पलीकडे खाली वाकते. प्रकाशाच्या घराण्यातली, प्रकाशाच्याच वेगाने धावणारी लहर, आणि ती डोंगराच्या सावलीत उतरते!

किती वाकायचं, हे तिच्या लांबीवर ठरतं. 700 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 43 सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ हातभर. फाइव्ह-जीसाठी वापरतात ती 3500 मेगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटरची. 26 गिगाहर्ट्झची तर सेंटिमीटरहून जराशीच मोठी. सुरीच्या पात्यासारखा धारदार कडा मध्ये असेल, तर त्याच्या गडद सावलीत 3500ची लहर 700च्या साधारण एक-पंचमांश जोराने पोचते. रेडिओ लहरींचं नियोजन शिकणाऱ्या अभियंत्याला हे गणित अगदी सुरुवातीला शिकावं लागतं. नकाशावर दोन ठिकाणं जोडायची, मधल्या जमिनीचा छेद काढायचा आणि कोणता माथा किती आड येतो ते मोजायचं. या अभ्यासाला पोलादपूरच्या खोऱ्यांइतकी चांगली जमीन शोधून सापडणार नाही. याच तालुक्यातल्या उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांनी ज्या सिंहगडासाठी प्राण दिले, त्या गडाच्या उंचीवरूनच 1973 पासून पुण्याला दूरदर्शन दिसू लागलं. लहरींनाही गड लागतात.

मग सगळीकडे हातभर लांबीच्याच लहरी का वापरत नाहीत? कारण त्या पट्ट्यात जागा फार थोडी आहे आणि मागणारे अनेक. शिवाय एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले, तर दोघांचंही बोलणं वाया जातं. वापरून ही संपत्ती तसूभरही झिजत नाही, मात्र न वापरलेला क्षण साठवूनही ठेवता येत नाही. खाणीतला कोळसा उद्यासाठी राहतो. लहरींचा आजचा दिवस आजच सरतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट सांगितलं. म्हणजे त्यांत कापड्याचाही वाटा आहे.

म्हणूनच 700 मेगाहर्ट्झची गोष्ट मला अस्वस्थ करते. 2016च्या लिलावात या पट्ट्याची राखीव किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. 2021 मध्ये ती 6,568 कोटींवर आणली, तरी कोणी पुढे आलं नाही. 2022 मध्ये 3,927 कोटींवर आल्यावर एका कंपनीने तो सर्व 22 सेवाक्षेत्रांसाठी घेतला. डोंगराआड उतरण्यात ज्याचा हातखंडा, तो पट्टा मधली सहा वर्षं मोबाइलसाठी रिकामा राहिला. यात लहरींचा काही दोष नव्हता, किंमत चुकली होती. लहरींच्या तज्ज्ञाला भौतिकशास्त्राइतकंच अर्थशास्त्र आणि कायदा का शिकवतात, ते इथे कळतं. त्यातही लिलावात कापडे वेगळं विकलं जात नाही. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सेवाक्षेत्र आहे, आणि पुणे, नागपूर, पोलादपूर सगळी त्यातच मोडतात. दुर्गम गावांपर्यंत पोचण्याची अट परवान्यात नेमक्या शब्दांत लिहिली नाही, तर मनोरे आधी कुठे उभे राहतील, हे सांगायला नको.

आणि मग पाऊस. मनोरा उभा राहिला तरी त्याला बाकीच्या जाळ्याशी जोडावं लागतं. डोंगरात हे काम पुष्कळदा तारेऐवजी दोन तबकड्यांमधल्या सूक्ष्मलहरी करतात. ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत 18 गिगाहर्ट्झच्या लहरीची शक्ती एका किलोमीटरमध्ये दहाव्या हिश्शावर येते. 7 गिगाहर्ट्झची मात्र दोन-तृतीयांश शिल्लक राहते! पावसाचा थेंब आणि लहरीची लांबी यांच्या मापांतल्या नात्याचा हा परिणाम. 22 जुलै 2021च्या त्या भयंकर चोवीस तासांत वर महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळेही. अशा मुलखात कोणत्या दुव्याला कोणती कंप्रता द्यायची, हा निर्णय कोरड्या प्रदेशाचा तक्ता समोर ठेवून घेता येत नाही.

वाटलेल्या लहरींवर पहाराही लागतो. केंद्राच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेचं उपग्रहांच्या लहरी तपासणारं भूकेंद्र आपल्या जालन्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण आकाश ऐकते. विश्वातल्या हायड्रोजनची हाक 1420 मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणून 1400 ते 1427 या पट्ट्यात कोणीही प्रक्षेपण करू नये, असा नियम साऱ्या जगाने मान्य केला आहे. एक अणू ऐकू यावा म्हणून देशोदेशींची सरकारं गप्प राहायला तयार होतात, यापेक्षा सुंदर करार मला माहीत नाही.

हे सांभाळणारी माणसं घडतात कुठे? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून भारतीय रेडिओ नियामक सेवेत जाता येतं. लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या महाड-पोलादपूरच्या मुलामुलींनी ही सेवा जरूर लक्षात ठेवावी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची अकादमी याच विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम चालवते; वॉशिंग्टनची एक संस्था 1982 पासून विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना दूरसंचाराचं विनामूल्य प्रशिक्षण देते. शिकून तयार झालेले हे लोक दर तीन-चार वर्षांनी जागतिक रेडिओ परिषदेत समोरासमोर बसतात आणि एकेका पट्ट्यासाठी आठवडेच्या आठवडे वाद घालतात.

पुढची परिषद 2027 मध्ये शांघायला आहे. उपग्रहावरून थेट साध्या मोबाइलवर येणाऱ्या लहरींना कोणते पट्टे द्यायचे, हा तिथला एक विषय. शोध 694 मेगाहर्ट्झपासून 2.7 गिगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांत चालू आहे, म्हणजे जमिनीवरचे मनोरे ज्या लहरी आज वापरतात त्यांच्याच शेजारात. मनोऱ्यांना त्रास न होता ही वाटणी जमली, तर कापड्याच्या खोऱ्यात पोचायला लहरीला सोंड ओलांडण्याची गरजच उरणार नाही. तिथे डोंगर बाजूंना आहेत, डोक्यावरचं आकाश मोकळं आहे.