उल्हासकाठचे बदलापूर : नदीने आखलेले गाव

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर लागते. आज इथे उतरणाऱ्याला इमारतीच दिसतात. पण मूळचे हे गाव भाताचे, वालाचे आणि जांभळाचे.

गावाची रचना समजायची तर नदीपासून सुरुवात करावी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापूरच्या कडेने कल्याणकडे जाते. काठाला गाळाची जमीन, त्यावर भाताची खाचरे. भात कापले की उरल्या ओलीवर वाल. दुसऱ्या अंगाला चंदेरी, मलंगगडाची डोंगररांग. तिच्या उतारावर वरकस जमीन, म्हणजे नाचणी-वरीची. घरे मात्र जरा उंचावर. कोकणपट्टीतल्या जुन्या गावांची ही रीतच होती.

हा मुलूख जुना. शेजारच्या अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे. सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात. ही ऐकीव गोष्ट, पण गाव वाटेवरचे होते एवढे खरे. १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीपर्यंत रेल्वे गेली. रुळांच्या पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला बदलापूर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला कारखाने आले. कामगारांना घरे हवी होती, ती हळूहळू बदलापूरपर्यंत सरकली. १९८३ मध्ये गाव कल्याण महापालिकेत गेले, १९९२ मध्ये बाहेर पडून कुळगाव-बदलापूर नगरपरिषद झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली.

माणसे वाढली याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण पूर्वजांनी ज्या खाचरांत फक्त भात लावला, तिथे आता भराव पडतो. भात चार दिवस पाण्यात तग धरेल, तळमजल्यावरचा संसार कसा धरणार? २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांनी पाहिला. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटीतून काढावे लागले. नदी आपली वाट विसरत नाही, असे जुनी माणसे म्हणतात ते उगीच नाही.

तेव्हा काठावर ज्यांची चार-सहा गुंठे उरली आहे, त्यांनी विकण्याआधी जांभळाचा विचार करावा. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रोपापासून वाढवलेले झाड फळाला यायला आठ-दहा वर्षे घेते. कलम लावले तर पाच-सहा वर्षांत फळ दिसते. फळ नाजूक, एक-दोन दिवसांत खपवावे लागते. पण गिऱ्हाईक तर स्टेशनातच उतरते! शिवाय जांभळाची मुळे काठची माती धरून ठेवतात.

नवीन घर घेणाऱ्यांनीही एक करावे. कागद पाहण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे, "बाबा, पाणी कुठवर यायचं?" गावाचा खरा नकाशा त्याच्याकडे आहे.