मधली शाळा : पालकांनी काय पाहावे?

माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती. आई सांगायची, "पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी तू झालास." पण नाव घालायला वडील मला घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी तारीख विचारली आणि वडील म्हणाले, "तुम्हीच काय ते लिवा, गुरुजी." शाळा जूनमध्ये उघडायची, मूल सहा वर्षांचे भरायला हवे, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिली. वडील त्यानंतर शाळेत आले ते एकदाच, दाखला काढायला. मधली दहा वर्षे त्यांनी मला शाळेवर सोपवले होते. यात निष्काळजीपणा नव्हता. शाळा हे शिकलेल्यांचे घर आणि आपण पायरीशी थांबावे, असा तो आदर होता.

त्या आदराची किंमत मला डोळ्यांनी मोजावी लागली. पाचवीपासून मला फळा दिसत नव्हता. उंच म्हणून मागच्या बाकावर बसवलेले, त्यामुळे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेई. सातवीत 'ढ' असा शिक्का बसला. चष्मा लागला एकोणिसाव्या वर्षी, गावी आलेल्या नेत्र तपासणी शिबिरात. घरी परत येताना लिंबाच्या झाडाला सुटी सुटी पाने असतात हे पाहून मी रस्त्यात उभा राहिलो होतो. पुढे जे वाचले ते स्वतःच वाचले. गेली काही वर्षे भोकरदन तालुक्यात, हसनाबाद आणि आसपासच्या गावांत, जुनी शालेय दप्तरे आणि आजचे शाळेचे नियम हा माझा अभ्यासाचा विषय आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. पालक पहिलीच्या प्रवेशाला जागे असतात आणि दहावीच्या निकालाला जागे असतात. पाचवी ते आठवी या मधल्या वर्षांकडे कोणी पाहत नाही. आणि मूल हातचे सुटते ते नेमके याच वर्षांत.

मधल्या शाळेचे कूळ

मराठवाड्यात या टप्प्याला वेगळा इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या : तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा कस वस्तानियात लागे आणि बहुतेकांची शाळा तिथेच संपे. आमच्याकडची म्हातारी माणसे 'मिडल झालेला' असे ज्या मानाने म्हणत, तसे तिकडे मुंबई इलाख्यात 'फायनल झालेला' म्हणत. सातवी फायनलच्या बळावर माणूस मास्तर होई.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलांना आजही 'प्रशाला' म्हणतात, त्या शब्दामागे हा सगळा प्रवास आहे. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला.

मात्र मधल्या शाळेची हद्द अजून पक्की नाही. जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक मानतो. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण गावातली शाळा अजून चौथीला किंवा सातवीला संपते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मूल टप्प्याच्या मध्यात असते आणि त्याच वेळी त्याला शाळा बदलावी लागते. नवी शाळा, लांबचा रस्ता, अनोळखी सर. मुलीच्या बाबतीत तर हीच वेळ मोठी होण्याची. "आता घरीच राहू दे" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकले ते सातवीनंतरच्या जूनमध्ये.

शिकवते कोण?

पालकाने पहिली गोष्ट मोजावी ती शिक्षकांची संख्या. सहावी ते आठवीसाठी कायदा ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगतो. शिवाय वर्गामागे किमान एक शिक्षक हवा आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक माणूस हवा. पट १०० च्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणून शाळेत नुसते "सर किती?" असे विचारू नये. "गणित कोण शिकवते, इंग्रजी कोण शिकवते?" असे विचारावे. तीन शिक्षक आहेत, पण तिघेही भाषेचे, असे असेल तर सहावीची मुलगी अपूर्णांक कुणाकडून शिकणार?

ही पदे पटावर ठरतात. त्याला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तर त्या गटाला शिक्षक न देण्याचा निकष आला आणि शिक्षक संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. पालकाच्या बाजूने याचा अर्थ साधा आहे. पाच-सहा मुले गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली की मागे राहिलेल्यांचे गणिताचे सर जाऊ शकतात. कुणी मुलाला कुठे घालावे हे मी सांगणार नाही. आपल्या निर्णयाचा शेजारच्या मुलावर काय परिणाम होतो, तेवढे ठाऊक असावे.

मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख, त्यांच्या वर विस्तार अधिकारी व गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, अशी उतरंड असते. तक्रार करायची तर खालून वर, लेखी आणि पोच घेऊन करावी. मुलाच्या हक्काबाबतच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कायद्यातच लिहिले आहे.

नियम आणि रजिस्टर

काही नियम पालकांना तोंडपाठ हवेत. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा बदलताना दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला मूल दाराबाहेर ठेवता येत नाही, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो. मारणे आणि मानसिक छळ दोन्ही बेकायदा आहेत. मला लागलेला 'ढ' हा शिक्का आज दुसऱ्या प्रकारात बसला असता. शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस शाळा भरली पाहिजे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. सर वर्गावर का नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा याच तीन अपवादांत किंवा त्यांच्याबाहेर सापडते.

नापासाचा नियम बदलला, हे फार थोड्यांना माहीत आहे. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नसे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत मूल मागे पडले तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घ्यायची आणि तीही जमली नाही तरच त्या वर्गात ठेवायचे. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. "आठवीपर्यंत ढकलतातच" या भरवशावर बसलेल्या घरांत आता निकालाच्या दिवशी रडारड होते.

याहून मोलाचे कागद म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात असते. या जाडजूड वहीचे महत्त्व जालना जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीतून आरक्षणाचे आंदोलन पेटले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा इतर जुन्या दप्तरांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही उघडली गेली. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी बोरूने लिहिलेला एक शब्द पणतवाच्या हातात पडला. आरक्षणाचे राजकारण बाजूला ठेवले तरी एवढे कळते की गुरुजी लिहितात ते टिकते.

म्हणून मूल शाळेत आहे तोवरच आपल्या मुलाची नोंद डोळ्यांनी पाहावी. आधारवरचे नाव, जन्मदाखल्यावरची तारीख आणि रजिस्टर जुळते का ते पाहावे. चूक असेल तर पुरावा जोडून अर्ज करावा. दाखला हाती आल्यानंतर दुरुस्ती अतिशय अवघड होते. मी अजून १ जूनलाच म्हातारा होतो आहे.

आरोग्याचे काय?

परदेशात काही ठिकाणी मधल्या शाळेचे दार लसीच्या कागदाशिवाय उघडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सातवीत जाताना डांग्या खोकल्याच्या वाढीव लसीचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात अशी अट नाही, आणि गरिबाच्या मुलासाठी ते बरेच आहे. पण अट नाही म्हणून आठवणही राहत नाही. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी 'टीडी' ही धनुर्वात व घटसर्पाची लस आहे. पाच वर्षांपर्यंतच्या लसी आशाताई पाठपुरावा करून देतात, दहाव्या वर्षाची लस मात्र बऱ्याच घरांना माहीतच नसते. पाचवी-सहावीत ती टोचली का, हे पालकाने विचारायचे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ठरावीक दोष-आजारांसाठी तपासणी होते आणि पुढचा उपचार मोफत असतो. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. त्या दोषांत दृष्टिदोषही आहे. पथक येण्याच्या दिवशी मूल कापूस वेचायला गेले तर तपासणी वर्षभर लांबते. म्हणून तारीख आधी विचारून ठेवावी आणि तपासणी झाल्यावर कार्डावर काय लिहिले ते वाचावे. 'पुढे पाठवले' असे लिहिले असेल तर त्यापुढचा रस्ता पालकालाच चालायचा आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, दहा वर्षांवरच्यांना निळी, ही जेवणानंतर घ्यायची. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची. त्या दिवशी मूल आजारी असेल तर सरांना तसे सांगायचे. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे आणि त्यासाठी १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते. ते मोठे माणूस पालकही असू शकतो. मुला-मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी ही कायद्यातलीच अट आहे. मुलगी महिन्यातले ठरावीक दिवस शाळा चुकवत असेल तर आधी स्वच्छतागृहाचे दार लागते का, ते पाहून यावे.

पायरीवरून आत

हे सगळे पाहायचा पालकाला अधिकार काय? कायद्याने उत्तर दिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा आणि अनुदानाचा खर्च याच समितीपुढे येतो.

एका गावात शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर मी समितीची नावे वाचत होतो. खिचडीचे पातेले घासणाऱ्या ताई जवळ येऊन म्हणाल्या, "दादा, तिसरं नाव माझ्या जावेचं हाय का बघा बरं." होते. जावेला बोलावले. तिला सही केल्याचे आठवत होते, कशावर केली ते नाही. मी तिला समितीची कामे वाचून दाखवली. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "मंग गणिताचे सर कधी येणार, हे मी इचारू शकते?"

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरे सत्र सुरू होईल. त्या आठवड्यात एक दिवस शेतातले काम तासभर मागे ठेवावे. शाळेत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. रजिस्टरातली नोंद, विषयवार शिक्षक, आरोग्य कार्ड आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख. आणि येता येता मुलाला शेवटच्या बाकावर बसवून फळ्यावरचे वाचायला सांगावे.