विश्लेषण : ‘सर्वात जलद मार्ग’ सोडून आडवाटेने जायचे, तर चांगला रस्ता ओळखायचा कसा?

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की मुंबई-पुण्याहून बाहेर पडणाऱ्या गाड्या त्याच दोन-तीन महामार्गांवर तासन्‌तास अडकतात. त्याच वेळी काही किलोमीटर अंतरावर, शेतांच्या आणि डोंगरांच्या कडेने जाणारे रस्ते मोकळे असतात. हे रस्ते शोधून त्यावरून निवांत गाडी चालवण्याची आवड आता वाढते आहे. मात्र आडवाटेचा प्रत्येक रस्ता चांगला असतोच असे नाही आणि फोनमधील नकाशा तो फरक सांगत नाही. चुकीच्या रस्त्याची निवड जिवावरही बेतू शकते. म्हणूनच चांगला ग्रामीण रस्ता ओळखायचा कसा आणि त्यावर गाडी चालवायची कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

फोनवरील नकाशावर विसंबून का चालत नाही?

नकाशाच्या अ‍ॅपचे काम वेळ वाचवणे हे आहे. दोन ठिकाणांमधील अंतर, अपेक्षित वेग आणि त्या वेळची वाहतूक यावरून ते मार्ग निवडते. एखाद्या रस्त्यावर वाहतूक कमी असेल तर ती रस्ता मोकळा असल्यामुळे कमी आहे की रस्ता वापरातच नसल्यामुळे, हे अ‍ॅपला दर वेळी कळतेच असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोतूळजवळ हेच घडले. कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा जीव गेला. दोन्ही वेळा गाडीतील लोक फोनने दाखवलेल्या मार्गाने चालले होते. त्यामुळे अ‍ॅपचा उपयोग रस्ता शोधण्यासाठी जरूर करावा, पण तो रस्ता चालू आहे का, याची खात्री वेगळी करून घ्यावी.

रस्त्याचा दर्जा कशावरून कळतो?

भारतातील रस्त्यांची उतरंड १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. ‘नागपूर योजना’ म्हणून ती ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग ही वर्गवारी आजही त्याच धर्तीवर चालते. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात.

ही वर्गवारी रस्त्यावरही दिसते. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. निळा किंवा काळा माथा जिल्हा मार्गांवर आढळतो, तर नारिंगी माथा म्हणजे पंतप्रधान ग्राम सडक योजनेसारख्या योजनेतून झालेला ग्रामीण रस्ता. ही योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि अनेक वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर तिच्यामुळेच पोहोचले.

निवांत सहलीसाठी सहसा मधला गट, म्हणजे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, सर्वात योग्य ठरतो. यावर अवजड वाहतूक महामार्गापेक्षा कमी असते, पण देखभाल आणि रुंदी ग्राम मार्गापेक्षा बरी असते. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो, मधल्या प्रकारचा साडेपाच मीटर आणि एकपदरी ३.७५ मीटर. एसटीची बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. म्हणजे एकपदरी रस्त्यावर समोरून बस आली, तर दोघांपैकी एकाला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावेच लागते. हे माहीत असेल तर ‘नकाशावर तर रस्ता होता’ असे म्हणण्याची वेळ येत नाही.

घरबसल्या रस्ता कसा तपासायचा?

पहिली पायरी म्हणजे अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन महामार्ग आणि टोल टाळण्याचा पर्याय निवडणे. मार्ग लगेच बदलतो आणि एरवी न दिसणारे रस्ते समोर येतात. दुसरी पायरी, उपग्रह छायाचित्र मोठे करून पाहणे. मधली पांढरी रेषा दिसली तर रस्ता बहुधा दुपदरी आहे. डांबराचा पट्टा मध्येच मातकट झाला किंवा नदीपाशी पूल दिसेनासा झाला, तर तिथे शंका घ्यावी. रस्त्यावरील छायाचित्रे उपलब्ध असतील तर ती कोणत्या महिन्यातली आणि वर्षातली आहेत, हेही पाहावे.

तिसरी पायरी उंचीची. भूरूप दाखवणाऱ्या नकाशात समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर तिथे घाट आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० मापाच्या नकाशांत एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असतो. दोन गावांमधील चढ-उताराचा अंदाज त्यावरून चांगला येतो.

शेवटची चाचणी सर्वात सोपी आणि अस्सल मराठी आहे. ‘या रस्त्याने एसटी जाते का?’ हा प्रश्न शेवटच्या मोठ्या गावातल्या चहाच्या टपरीवर विचारावा. एसटी जात असेल तर रस्ता पुरेसा रुंद आहे, पूल शाबूत आहे आणि वापर नियमित आहे, असे मानायला हरकत नाही. ‘जात होती, आता बंद आहे’ असे उत्तर आले, तर ती का बंद झाली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चांगल्या रस्त्याचे उदाहरण कोणते?

रायगड आणि रत्नागिरीचा किनारी रस्ता याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आतून जातो. त्याला समांतर, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पना जुनी आहे. खाड्यांवरील काही पूल नसल्याने हा मार्ग अजून सलग नाही आणि ते पूल बांधण्याचे प्रकल्प हाती घेण्यात आले आहेत. तोवर वाहने घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी ही उणीव भरून काढतात. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्यातून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचे आणि केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली असे दाभोळला यायचे. तिथे वाशिष्ठीच्या खाडीतून धोपाव्याला जायचे. पुढे गुहागर, हेदवी, तवसाळ करत पुन्हा फेरीबोटीने जयगडला उतरले की मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेमार्गे रत्नागिरी गाठता येते.

या वाटेने वेळ महामार्गापेक्षा कितीतरी जास्त लागतो. पण नारळी-पोफळीच्या बागा, जांभ्या दगडाचे सडे, खाडीतली होडकी आणि अचानक समोर येणारा समुद्र हे सारे एकाच दिवसात पाहायला मिळते. ही सहल आखताना फेरीबोटींच्या वेळा, विशेषतः शेवटची फेरी, आधी विचारून घ्यावी. ती चुकली तर खाडीला मोठा वळसा घालावा लागतो आणि तोही अंधारात.

वळणावर वेग किती असावा?

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. वळणावर गाडीला रस्त्यावर धरून ठेवण्याचे काम टायरचे घर्षण आणि रस्त्याला दिलेला आतल्या बाजूचा उतार या दोन गोष्टी करतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार ५० मीटर त्रिज्येच्या आणि सात टक्के उतार दिलेल्या वळणासाठी हिशेब केला, तर सुरक्षित वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर येतो. त्रिज्या २० मीटर असेल तर तो २४ च्या आसपास उतरतो. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ३७ ऐवजी ५० च्या वेगाने तेच वळण घेतल्यास हा जोर जवळपास १.८ पट होतो. रस्ता ओला असेल किंवा वळणावर खडी पसरली असेल, तर घर्षण आणखी कमी होते.

दुसरा हिशेब नजरेच्या टप्प्याचा. धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ताशी ४० च्या वेगाला सुमारे ४५ मीटर आणि ६० च्या वेगाला सुमारे ८० मीटर अंतर लागते, असे मानकांत धरले आहे. एकपदरी रस्त्यावर मात्र समोरचे वाहनही त्याच पट्ट्यातून येत असते आणि दोघांनाही थांबायचे असते. त्यामुळे हे अंतर दुप्पट धरावे लागते. म्हणजे ४० च्या वेगासाठीही समोरचा ९० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. तेवढा दिसत नसेल तर वेग कमी करणे हाच उपाय. दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर गाड्यांसाठी केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे, पण ती कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे.

घाटात कोणती काळजी घ्यावी?

अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते. उतरताना मात्र गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे हा पेट्रोल वाचवण्याचा नव्हे, तर अपघाताचा मार्ग आहे. सतत ब्रेक दाबल्याने ते तापतात आणि त्यांची पकड सुटत जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो, त्याच गिअरमध्ये उतरावे म्हणजे इंजिनच वेग आवरून धरते. ऑटोमॅटिक गाडीत यासाठी ‘एल’ किंवा मॅन्युअल पर्याय असतो. न दिसणाऱ्या वळणावर दिवसा हॉर्न आणि रात्री डिपर द्यावा. आंबोलीसारख्या घाटात धुके दाटले, तर अपर लाइट लावल्याने उलट कमी दिसते.

कोणत्या ऋतूत कुठे जावे?

पावसाळ्यात सह्याद्री सर्वात देखणा असतो आणि त्याच काळात सर्वात धोकादायकही. भोर-महाड मार्गावरील वरंध घाट दरडींच्या धोक्यामुळे पावसाळ्यात वेळोवेळी वाहतुकीस बंद ठेवला जातो. त्यामुळे ताम्हिणी, वरंध, आंबेनळी अशा घाटांकडे निघण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाचे आदेश पाहावेत. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. पाण्याखाली पूल उरला आहे की नाही, हे वरून दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला. मात्र सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात त्याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यातही मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेले, रात्री अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. त्यामुळे या भागातील आडरस्त्यांवर अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचावे.

संपर्काचाही विचार आधीच करावा. १०३३ ही मदतवाहिनी राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. इतर रस्त्यांवर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हेच क्रमांक उपयोगी पडतात. घाटात रेंज नसण्याची शक्यता धरून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि टाकी निम्म्यावर येण्याआधी पेट्रोल भरावे.

रस्त्यालगतच्या गावांचे काय?

शहरातून आलेल्यांसाठी जी मोकळी वाट असते, ती तिथल्या लोकांसाठी अंगण, खळे, शाळेची वाट आणि गुरांची वाट असते. सुगीत रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घातलेले असते. संध्याकाळी गुरे परततात, शाळा सुटल्यावर मुले रस्त्याच्या मधून चालत घरी जातात आणि आठवडी बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात दुकाने लागतात. गावात शिरताना वेग ताशी ३० च्या खाली आणणे, पुलावर किंवा वळणावर गाडी उभी करून फोटो न काढणे, वाडीतून जाताना मोठ्याने गाणी न लावणे एवढे पाळले तरी पुरे. जेवण आणि चहा गावातच घेतला तर चार पैसे तिथेही राहतात.

ग्रामीण रस्ता कमी वेगासाठीच बांधलेला असतो. त्याची वळणे, त्याची रुंदी आणि त्यावरची वर्दळ हेच सांगत असतात. वेळ वाचवायचा असेल त्यांच्यासाठी महामार्ग आहेच. आडवाटेला लागणाऱ्याने घड्याळात दोन तास जास्तीचे धरूनच घराबाहेर पडावे.