पाठीतलं पाणी आणि उरलेली गोळी

पिंपरीत रिक्षावाल्याला ‘एच. ए.’ एवढं सांगितलं तरी पुरतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून इथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. न्यूमोकॉकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर तेव्हा ते रामबाण होतं. आज असं मूल आलं, तर डॉक्टर नुसत्या पेनिसिलिनवर विसंबत नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लावतात, बहुतेकदा जोडीला व्हॅन्कोमायसिन.

असं का झालं? जंतू निगरगट्ट झाले! १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला पेनिसिलिनला दाद न देणारा न्यूमोकॉकस आजारी मुलांमध्ये सापडला, तेव्हाच धोक्याची घंटा वाजली होती. त्यात मेंदूचं दुखणं वेगळंच. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गानं एक कडक पहारा ठेवलाय, औषधाचा थोडाच अंश त्यातून आत शिरतो. म्हणून फुप्फुसात पेनिसिलिननं मरणारा जंतू मेंदूच्या आवरणात त्याच औषधाला पुरून उरू शकतो. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी २००८ पासून दोन्हींसाठी वेगवेगळे निकष लावले, ते यामुळेच.

हा जंतू पुष्कळ धडधाकट मुलांच्या नाकाघशात एरवीही मुक्कामाला असतो. साध्या सर्दीला अँटिबायोटिक दिलं, की त्यातले गरीब मरतात, दांडगे उरतात. सर्दी विषाणूची, तिला या गोळीचा उपयोग शून्य! पण चाकण-भोसरीकडे दोघंही शिफ्टला जाणाऱ्या घरात रजा म्हणजे खाडा. मग ‘काका, मागच्या वेळचंच औषध द्या’ असं होतं. मी त्या आईला दोष देणार नाही. मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसारखी औषधं ‘एच-वन’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दिल्याची वेगळी नोंद ठेवायची, हे काम दुकानदाराचं.

अर्धवट औषधाचा आणखी एक घोटाळा होतो. ताप, उलट्या, मान ताठ, झापड. तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली, दूध तोडलेलं. अशा वेळी डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. आधी दोन-तीन डोस पोटात गेले असतील, तर त्या पाण्यात जंतू वाढतच नाही आणि तो कुठल्या औषधाला दबेल, हे कळायची वाट बंद होते. म्हणून आधी काय दिलं ते सांगा, पाकीटच दाखवा.

आणि ‘पाणी काढलं की पोर लुळं पडतं’ म्हणणाऱ्या आजीबाईंना समजवा, की मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली सुई घालतात. उपचाराला मात्र तासाचाही उशीर नको. पाणी काढायला वेळ लागणार असेल, तर डॉक्टर इंजेक्शन आधी सुरू करतात.

न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनंही २०२० मध्ये अशी लस आणली. डोस दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. पहिले दोन बाळंतपणाला गेलेल्या लेकीच्या माहेरी होतात, तिसऱ्यापर्यंत ती चाकणला परतलेली असते. बाळंतविड्याच्या पिशवीत लसीचं कार्ड आठवणीनं टाका.