शनिवार-रविवारची लीग

एनबीए आपला जन्म ६ जून १९४६ असा सांगते. त्या दिवशी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतले स्टेडियम-मालक एकत्र आले. बर्फावरची हॉकी नसेल त्या रात्री खुर्च्या रिकाम्या पडतात, ही त्यांची मुख्य विवंचना, आणि तिच्यावर उतारा म्हणून त्यांनी व्यावसायिक बास्केटबॉलची एक संघटना काढली. पण तिच्या सहा आठवडे आधी, २३ एप्रिलला, पेन्सिल्व्हेनिया राज्यात दुसरी एक लीग उभी राहिली होती. तिच्या मालकांकडे ना मोठी स्टेडियमं होती, ना हॉकी. विल्क्स-बॅरे, हेझलटन, रेडिंग, लँकॅस्टर, ॲलनटाउन ही तिची गावं, आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन. पहिलं अजिंक्यपद विल्क्स-बॅरे बॅरन्सने पटकावलं. तिचं नाव ईस्टर्न लीग. एनबीएहून वयाने थोरली, मानाने मात्र कायम धाकटी.

ही गावं कष्टकऱ्यांची. विल्क्स-बॅरे, हेझलटन आणि पुढे लीगमध्ये आलेलं स्क्रँटन हा सगळा दगडी कोळशाचा पट्टा. स्क्रँटनच्या संघाचं नावच ‘मायनर्स’, म्हणजे खाणकामगार. रेडिंगला रेल्वे, ॲलनटाउनला ट्रकचा कारखाना. सामने व्हायचे ते शाळांच्या जिममध्ये नाहीतर लष्करी कवायतीच्या हॉलमध्ये. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाने पाय लांब केले तर ते थेट कोर्टात यायचे.

अशा गावांतलं बास्केटबॉल दर्जेदार का होतं, याचं उत्तर साध्या गणितात आहे. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एनबीएत संघ होते अवघे आठ. म्हणजे साऱ्या अमेरिकेत वरच्या पायरीवर जागा जेमतेम ऐंशी-नव्वद. देशातला शंभरावा खेळाडू हा काही सामान्य खेळाडू नव्हे, पण त्याला जागा नव्हती. तो ईस्टर्न लीगमध्ये यायचा. सिल सोबेल आणि जे रोझेन्स्टाइन यांनी २०२१ साली या लीगवर पुस्तक लिहिलं. ‘एनबीएच्या दाराबाहेर ठेवलेले’ अशा अर्थाचं त्याचं नाव आहे आणि ते अचूक आहे.

बाहेर ठेवण्याची कारणं नुसती संख्येची नव्हती. एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडू १९५० पासून आले, पण एका संघात ते किती असावेत याचा एक अलिखित कोटा होता. कागदावर कुठेही नाही आणि प्रत्येक मालकाला पाठ. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाचा हॅल लिअर हे त्याचं ठळक उदाहरण म्हणता येईल. १९५६ च्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत त्याने एका सामन्यात ४८ गुण केले आणि अखेरच्या फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तेही त्याचा संघ विजेता नसताना. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या एनबीए संघाने त्याला निवडलं. एनबीएत तो एकूण खेळला तीन सामने. बाकीची बहुतेक कारकीर्द ईस्टन आणि कॅम्डेनच्या संघांकडून, ईस्टर्न लीगमध्ये गेली.

दुसरं कारण १९५१ च्या सामनानिश्चितीचं. न्यूयॉर्कच्या विद्यापीठांतल्या खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांतला फरक जमवून दिल्याचं उघड झालं. शर्मन व्हाइट हा लाँग आयलंड विद्यापीठाचा खेळाडू त्या हंगामात देशातला सर्वोत्तम गणला जात होता. त्याला तुरुंगवास झाला आणि एनबीएचं दार कायमचं बंद झालं. त्याच प्रकरणातल्या फ्लॉइड लेनलाही ते दार बंद झालं. दोघांनाही हेझलटनने घेतलं. १९५५-५६ च्या हंगामात हेझलटन हॉक्सने सामन्याच्या सुरुवातीला पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. एनबीएत ही गोष्ट बोस्टन सेल्टिक्सने केली ती २६ डिसेंबर १९६४ ला. त्याचं श्रेय बोस्टनला आजही दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण हेझलटन आठ-नऊ वर्षं पुढे होतं, हे कुणी फारसं सांगत नाही. तिथल्या मालकांना समाजसुधारणेचा कळवळा होता असं मला वाटत नाही. त्यांना सामना जिंकायचा होता आणि हॉल भरायचा होता. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

हे खेळाडू पोट भरायचे नोकरीवर. सामने शनिवार-रविवारी. आठवडाभर शाळेत शिकवायचं किंवा कचेरीत बसायचं, शनिवारी दुपारी न्यूयॉर्क नाहीतर फिलाडेल्फियाहून चार-पाच जणांनी एका गाडीत दाटीवाटीने बसायचं, डोंगरातल्या बर्फाळ रस्त्याने हेझलटन किंवा सनबरी गाठायचं, खेळायचं आणि रातोरात परतायचं. सामन्याची बिदागी पेट्रोलचा खर्च वजा जाता जी उरेल ती. पुढे टेंपल विद्यापीठाचा नामवंत प्रशिक्षक झालेला जॉन चेनी याच शनिवार-रविवारच्या फेऱ्यांतला. पोर्टलंडला १९७७ साली एनबीए जिंकून देणारा प्रशिक्षक जॅक रॅमसेही इथलाच.

पण माझा आवडता किस्सा पॉल ॲरिझिनचा. एनबीएत दोनदा सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरलेला हा फिलाडेल्फियाचा माणूस. १९६२ साली त्याचा संघ विकला जाऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. ॲरिझिनने गाव सोडायला नकार दिला, आयबीएममध्ये नोकरी धरली आणि शनिवार-रविवारी कॅम्डेन बुलेट्सकडून खेळू लागला. पुढच्याच हंगामात तो ईस्टर्न लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. एनबीएतून उतरून खालच्या लीगमध्ये जाणं म्हणजे घसरण, हा आजचा समज त्या काळाला लावता येत नाही. आयबीएमचा पगार आणि दोन सामन्यांची कमाई, वर घरचं जेवण! व्यवहार काही वाईट नव्हता.

आज ज्याच्यावाचून बास्केटबॉल ओळखू येणार नाही, तो तीन गुणांचा लांबचा फटका एनबीएने १९७९ साली स्वीकारला. त्याआधी १९६१ साली सुरू होऊन लगेच बुडालेल्या एका लीगने तो आणला होता. ती गेल्यावर तो टिकवला ईस्टर्न लीगने, १९६३-६४ पासून.

मग पाया सरकू लागला. जानेवारी १९५९ मध्ये विल्क्स-बॅरेजवळ सस्क्वेहाना नदीचं पाणी नॉक्स खाणीत शिरलं, बारा कामगार गेले आणि त्या भागातली खोल खाणकामंच संपत आली. गावं रोडावली. तिकडे १९६७ साली एबीए ही प्रतिस्पर्धी लीग अकरा संघ घेऊन उतरली आणि एनबीए १९७० पर्यंत सतरा संघांची झाली. दाराबाहेरच्यांना दार उघडलं. न्याय झाला, आणि ईस्टर्न लीगचे खेळाडू गेले.

लीग जगवण्यासाठी चालकांनी जे केलं ते धाडसी म्हणावं की हास्यास्पद, मला ठरवता आलेलं नाही. १९७७ साली त्यांनी अलास्कातल्या अँकरेजचा संघ आत घेतला. पेन्सिल्व्हेनियाहून तिथलं अंतर हजारो मैलांचं. मोटारीने जाण्याची सोय संपली. पुढल्या वर्षी लीगने नाव बदललं: कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन, सीबीए.

सीबीएने गुणतक्त्याची एक अफलातून पद्धत काढली. प्रत्येक सामना सात गुणांचा. जिंकणाऱ्याला तीन, आणि चार क्वार्टरपैकी जो जिंकेल त्याला त्या त्या क्वार्टरचा एक. म्हणजे पहिले तीन क्वार्टर एक-एक गुणाने जिंकून चौथ्यात वीस गुणांनी मार खाल्ला, तरी हरलेल्या संघाच्या खात्यात तीन जमा आणि विजेत्याला फक्त चार. तीस गुणांनी मागे असलेला संघही शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून खेळायचा. मला ही कल्पना अजूनही उचलण्याजोगी वाटते. मोठ्या लीगांनी ती कधी उचलली नाही.

प्रशिक्षकांची शाळा म्हणूनही सीबीए गाजली. फिल जॅक्सनने १९८४ साली ऑल्बनी पॅट्रून्सला अजिंक्यपद मिळवून दिलं. संघातल्या सगळ्यांना त्याने सारखाच पगार लावला होता. पुढे शिकागो आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याने अकरा अजिंक्यपदं जिंकली, पण तिथे कुणी मायकेल जॉर्डनला बाराव्या खेळाडूइतका पगार देऊ धजलं नसतं. याच ऑल्बनीने १९९०-९१ मध्ये जॉर्ज कार्लच्या हाताखाली ५६ पैकी ५० सामने जिंकले. घरच्या मैदानावर एकही हार नाही. आणि अजिंक्यपद? ते गेलं विचिटा फॉल्सला.

ऑल्बनीचा मारिओ एली त्याच हंगामात मध्येच एनबीएत गेला होता. पुढे तो एनबीएची तीन अजिंक्यपदं जिंकणाऱ्या संघांत होता. एनबीएचा दहा दिवसांचा करार हे सीबीएच्या खेळाडूचं स्वप्न आणि सीबीएच्या मालकाची डोकेदुखी. फोन आला की माणूस गेला. जुन्या हेझलटनचा प्रेक्षक आपला संघ बघायला यायचा. नव्या सीबीएचा प्रेक्षक जो खेळाडू बघायला यायचा तो पुढच्या आठवड्यात असेलच याची हमी नव्हती. माझ्या मते लीग इथे हरली. तिने स्वतःला पुरवठादार म्हणवून घेतलं, आणि पुरवठादार कोणता ठेवायचा हे नेहमी गिऱ्हाईक ठरवतं.

शेवट पैशाने केला. १९९९ साली एनबीएचा माजी तारा आयसाया थॉमस याने सगळी लीगच विकत घेतली, सुमारे एक कोटी डॉलरला. एनबीएने त्याच्याकडून ती घेण्याची तयारी दाखवली. सौदा जमला नाही. २००० साली तो इंडियानाचा प्रशिक्षक झाला. एनबीएत प्रशिक्षक असताना दुसरी लीग मालकीची ठेवता येईना. फेब्रुवारी २००१ मध्ये हंगामाच्या मधोमध सीबीए बंद पडली. नोव्हेंबरात एनबीएने स्वतःची दुय्यम लीग सुरू केली, तीच आजची जी लीग. अमज्योत सिंग, सतनाम सिंग, प्रिन्सपाल सिंग हे आपले खेळाडू तिथे खेळले. सीबीए पुन्हा उभी राहिली खरी, पण २००९ साली कायमची संपली.

आपल्याकडेही २०१५ साली यूबीए ही बास्केटबॉल लीग निघाली होती. पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे तिच्यातले दोन संघ. २०१७ नंतर ती झाली नाही, आणि ती बंद पडल्याची चर्चा पुण्यात किंवा मुंबईत रंगल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

२०२२ साली एनबीए आणि तिच्या खेळाडूंच्या संघटनेने बंद पडलेल्या एबीएमधल्या वृद्ध खेळाडूंसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर बाजूला काढले. त्या यादीत ईस्टर्न लीग नव्हती.