आदिवासींचे शेतीज्ञान आणि संशोधनाचे जाळे : कुंभकोणम ते कोरापूट

कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणम हे शहर मंदिरे, भातशेती आणि नागवेलीच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. कीटकशास्त्राला मात्र त्याची ओळख हत्तीरोगामुळे आहे. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा या रोगाचा वाहक होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील शल्यचिकित्सक डॉ. एम. के. सांबशिवन यांनी शहरातील नागरिकांना सोबत घेऊन डासांच्या पैदाशीच्या जागा नष्ट करण्याची मोहीम चालवली. कोणत्या परसात डबके साचते, हे घरच्या माणसाइतके कोणत्याही निरीक्षकाला ठाऊक नसते. त्यामुळे ही मोहीम नागरिकांच्या सहभागावरच उभी राहणे स्वाभाविक होते. याच डॉ. सांबशिवन यांचे पुत्र म्हणजे ७ ऑगस्ट १९२५ रोजी कुंभकोणम येथे जन्मलेले डॉ. एम. एस. स्वामिनाथन.

हरितक्रांतीचे शिल्पकार म्हणून डॉ. स्वामिनाथन सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या उत्तरायुष्यातील एका कार्याकडे मात्र कृषी विस्तार क्षेत्राचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९८७ मध्ये पहिला जागतिक अन्न पुरस्कार मिळाल्यानंतर त्या रकमेतून त्यांनी १९८८ मध्ये चेन्नई येथे संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. या प्रतिष्ठानाने ओडिशातील कोरापूट, केरळमधील वायनाड आणि तमिळनाडूतील कोल्ली टेकड्या या आदिवासी भागांत केंद्रे उभारून संशोधनाचे एक जाळे विणले. विद्यापीठे आणि संशोधन संस्था आज आदिवासी ज्ञानाविषयी अनेक प्रकल्प हाती घेतात. अशा जाळ्याचे नेतृत्व कसे करावे, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

कोरापूटचा जेपोर परिसर भाताच्या विविधतेसाठी ख्यातनाम आहे. १९५५ ते १९५९ या काळातील सर्वेक्षणात तेथून १,७०० हून अधिक भाताचे नमुने गोळा करण्यात आले होते. पुढील दशकांत त्यांतील बहुतेक वाण शेतांतून नाहीसे झाले. नमुने शीतगृहात ठेवले की संशोधकाचे काम संपते, शेतकऱ्याचे संपत नाही. प्रतिष्ठानाने म्हणून ‘काळाजिरा’ या सुवासिक भातावर शेतकऱ्यांच्याच शेतात, त्यांच्याच निवडीने काम केले. लोंबी निवडणे, शुद्ध बियाणे वेगळे राखणे, ओळीत लावणी करणे या साऱ्यांत निर्णय शेतकऱ्यांचा होता. जेपोरच्या आदिवासी समुदायांच्या संवर्धनकार्याला २००२ मध्ये इक्वेटर पुरस्कार लाभला. २०१२ मध्ये कोरापूटच्या पारंपरिक शेतीपद्धतीला जागतिक अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

कोल्ली टेकड्यांतील अनुभव अधिक बोलका आहे. तेथे वरई, राळा आणि नाचणी यांची जागा टॅपिओका घेऊ लागला होता. कागदावर विचार करणारा संशोधक अशा वेळी अधिक उत्पादन देणारा वाण शोधू लागेल. परंतु वरई मागे पडण्याचे एक मोठे कारण उखळात होते. हे बारीक धान्य कांडण्याचे कष्ट स्त्रियांच्या वाट्याला येत आणि टॅपिओकाला कांडावे लागत नसे. कांडपयंत्रे आणि बचत गटांमार्फत विक्री ही उपाययोजना त्यातून आकाराला आली. संशोधनाचा प्रश्न कोणी मांडायचा, हा जाळ्याच्या नेतृत्वातील पहिला निर्णय असतो. तो मुख्यालयात घेतला गेला तर पुढील सारे प्रयोग काटेकोर असूनही निरुपयोगी ठरू शकतात.

याचा अर्थ परंपरेने चालत आलेले सर्व काही तपासणीविना स्वीकारावे असा नाही. धान्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. निंबोळीतील ॲझाडिरेक्टिन हा घटक किडीची भूक मारतो आणि कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतो, हे प्रयोगशाळेने दाखवले. हा घटक सूर्यप्रकाशात लवकर निष्प्रभ होतो. म्हणून पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करण्याची शिफारस केली जाते. मात्रा, वेळ आणि मर्यादा निश्चित करणे हे विद्यापीठाचे काम. ते झाले नाही तर चांगली पद्धतही एका गावात यशस्वी आणि शेजारच्या गावात अपयशी ठरते, आणि दोष परंपरेला दिला जातो.

कडुनिंबानेच नोंदीचे मोलही शिकवले. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि तेथील कृषी खात्याला पेटंट देण्यात आले. ते २००० मध्ये रद्द झाले आणि त्यावरील अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. या प्रकरणात १९८५-८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांसमक्ष झालेल्या चाचण्यांचा पुरावा महत्त्वाचा ठरला. ‘आमच्याकडे हे पूर्वापार चालत आले आहे’ हे विधान कितीही खरे असले, तरी ठिकाण आणि तारीख असलेली नोंद अधिक भक्कम असते.

मात्र नोंद कोणाच्या नावे होते, हा प्रश्न उरतोच. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल ३’ या भातातील वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हे वाण विकसित केले. हे वाण दूरवर पसरले. पुढे त्याच नावाशी जोडलेले शुद्ध केलेले वाण संशोधन व्यवस्थेतून प्रसारित झाले, तेव्हा श्रेयाचा वाद अनेक वर्षे चालला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला, तरी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर आर्थिक विवंचना संपली नव्हती. अशा एका प्रसंगाने गमावलेला विश्वास दहा कार्यशाळांनी परत येत नाही.

महाराष्ट्रात दुसऱ्या दिशेचे प्रयत्नही झाले आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील महादेव कोळी समाजातील राहीबाई पोपेरे यांचे देशी बियाण्यांचे कार्य ‘बाएफ’च्या साहाय्याने राज्यभर पोहोचले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ‘आयसर’ पुणे येथून समन्वयित झालेल्या महाराष्ट्र जनुक कोश उपक्रमात (२०१४-२०१९) अनेक संस्था आणि स्थानिक समुदाय सहभागी होते. त्या अनुभवाच्या आधारे राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये १७२.३९ कोटी रुपयांच्या पाच वर्षांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. स्थानिक पीकवाणांसह वनहक्क क्षेत्रांचे व्यवस्थापनही त्यात समाविष्ट आहे.

डॉ. स्वामिनाथन यांनी आग्रहाने मांडलेल्या शेतकरी हक्कांना पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मध्ये स्थान मिळाले. आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जतन केलेली जनुकसामग्री वापरल्यास पैदासकाराने ती माहिती नोंदणी अर्जात देणे बंधनकारक आहे. समुदायाला जनुक निधीतून मोबदल्याचा दावाही करता येतो. विस्तार कार्यकर्त्याने म्हणूनच बियाण्याचा नमुना घेताना शेतकऱ्याचे नाव, गाव, वाणाचे स्थानिक नाव, दिनांक आणि कोणत्या वापरासाठी संमती दिली, हे मराठीत लिहून त्याची एक प्रत शेतकऱ्याकडे ठेवावी. चाचणीचे निष्कर्ष, ते प्रतिकूल असले तरी, त्याच गावात जाऊन सांगावेत. शेतकरी वाणाच्या नोंदणीसाठी शेतकऱ्याला शुल्क लागत नाही. अर्जावर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे, जिल्हा कृषी अधिकाऱ्याचे, कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकांचे किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकाऱ्याचे प्रमाणन चालते. समिती गावातच असल्याने प्रथम तिच्याकडे जाणे सोयीचे ठरते.