जिभेचा वेग, फुंकेचा धीर

लग्नसराईत आमच्या वढू बुद्रुकला येणाऱ्या बँडमधल्या पोरांची एक तक्रार मी कायम ऐकतो : "बोटं पळतात, जीभ मागं राहते." जीभच जड, असे ठरवून काहींनी क्लॅरिओनेट सोडले. माझ्या मते दोष जिभेचा नसतो, समजुतीचा असतो.

क्लॅरिओनेटचा सूर पातळ पत्तीच्या कंपनातून निघतो. जीभ पत्तीच्या टोकाला टेकली की कंपन थांबते; बाजूला झाली की सूर सुटतो. म्हणजे जिभेचे काम ठोकण्याचे नाही, सोडण्याचे आहे. फुंक मात्र अखंड हवी. प्रत्येक सुराला नवी फुंक मारणारा दमतो आणि अडखळतो.

मिनिटाला १२० मात्रा आणि मात्रेत चार सूर, तर सेकंदाला आठ सूर होतात. बासरी-ट्रम्पेटवाले 'त-क, त-क' करून हे काम जिभेच्या टोकात आणि मागच्या भागात वाटून घेतात. क्लॅरिओनेटचा माउथपीस तोंडातच असल्याने ती सोय अवघड. बहुतेक भार एकट्या टोकावर.

म्हणून रियाज असा : आधी एकाच सुरावर, मिनिटाला ६० मात्रांत. मनात 'त'ऐवजी मऊ 'द' धरावा, हालचाल कमीत कमी ठेवावी. सूर स्वच्छ आले तरच लय थोडी वाढवावी, मग सप्तक घ्यावे. बोट आणि जीभ एका क्षणी पडली नाहीत, तर वेग असूनही गोंधळच ऐकू येतो.

आपल्याकडे वाद्यातून गळा उतरवण्याला मान; त्यामुळे सूर जोडणे शिकवले जाते, तोडणे पोराने वरातीतच उचलायचे. ते कुणी बसून शिकवले, तर जड ठरलेल्या कितीतरी जिभा चालू लागतील.